गुरूची आज्ञा मोडणारी राजकन्या : मारी बोनापार्ट



आजची गोष्ट एका खरेदीची आहे. वर्ष १९३६, डिसेंबरचा शेवट. राइनहोल्ड श्टाल नावाचा बर्लिनचा एक व्यापारी पॅरिसमध्ये एका श्रीमंत बाईंना भेटायला आला. जुनी पुस्तकं आणि हस्तलिखितं विकणं हा त्याचा धंदा. त्याच्याकडे पत्रांचा एक मोठा गठ्ठा होता. व्हिएन्नाच्या एका डॉक्टरने बर्लिनच्या दुसऱ्या डॉक्टरला १८८७ ते १९०४ या काळात लिहिलेली ही पत्रं. लिहिणारा होता सिग्मंड फ्रॉईड. ज्याला लिहिली तो होता कान-नाक-घशाचा डॉक्टर विल्हेल्म फ्लीस. फ्लीस १९२८ साली वारला होता आणि त्याच्या विधवेने ही पत्रं विकायला काढली होती. तिची अट एकच होती. पत्रं कोणालाही द्या, पण फ्रॉईडच्या हाती पडू देऊ नका. पडली तर तो ती जाळून टाकेल, याची तिला खात्री होती.

पॅरिसच्या बाईंनी पत्रं घेतली. किंमत बारा हजार फ्रँक. मग त्यांनी फ्रॉईडला कळवलं. फ्रॉईड हादरला. त्याने लगेच निम्मी रक्कम द्यायची तयारी दाखवली. पुढच्या भेटीत त्याने बाईंना एक ज्यू विनोद ऐकवला. मोर कसा शिजवायचा? आधी आठवडाभर जमिनीत पुरून ठेवायचा. आणि मग? मग बाहेर काढून फेकून द्यायचा.

म्हणजे काय ते तुमच्या लक्षात आलं असेल.

या बाई फ्रॉईडच्या शिष्या होत्या. त्याला देवासारखं मानायच्या. त्याच्यासाठी त्यांनी पाण्यासारखा पैसा ओतला होता. पण या बाबतीत त्यांनी गुरूला स्वच्छ शब्दांत नाही म्हटलं. पत्रं जाळणार नाही आणि तुम्हाला देणारही नाही.

या बाईंचं नाव मारी बोनापार्ट. होय, बोनापार्ट म्हणजे तेच बोनापार्ट, ज्यांचा नेपोलियन. आज आपण या बाईंची गोष्ट बघणार आहोत. पण फक्त 'राजघराण्यातली बाई मनोविश्लेषक झाली' एवढीच गंमत बघायची नाहीये. माझ्या मते या आयुष्यात एक खरा प्रश्न दडलेला आहे. एखाद्या विचारावर आपला संपूर्ण विश्वास बसला, तर त्या विचाराने आपल्यावर किती सत्ता गाजवावी? आणि त्याच विचाराच्या निर्मात्याला 'नाही' म्हणायची वेळ कधी येते?

कॅसिनोचा पैसा, बोनापार्टांचं नाव

मारीचा जन्म २ जुलै १८८२चा, पॅरिसला लागून असलेल्या सँ-क्लू या गावातला. वडील प्रिन्स रोलाँ बोनापार्ट. नेपोलियनचा भाऊ ल्युसियन, त्याचा रोलाँ हा नातू. म्हणजे मारी ही ल्युसियनची पणती. ऐकायला घराणं मोठं, पण फ्रान्समध्ये तोवर प्रजासत्ताक आलेलं होतं. बोनापार्टांना नाव होतं, गादी नव्हती. त्यात मारीच्या आजोबांनी, प्रिन्स पियेर यांनी, १८७० साली व्हिक्टर न्वार नावाच्या तरुण पत्रकाराला गोळी घालून ठार केलं होतं. कोर्टातून ते सुटले, पण या प्रकरणाने सगळं पॅरिस पेटून उठलं होतं. थोडक्यात, घराण्याच्या नावाला डागही होता.

मग पैसा कुठून आला? तो आला आईकडून. मारीच्या आईचे वडील फ्राँस्वा ब्लाँ, म्हणजे माँटे कार्लोचा जगप्रसिद्ध कॅसिनो उभा करणारे गृहस्थ. जुगाराच्या टेबलावर श्रीमंत लोक हरले आणि त्या पैशावर पुढे मनोविश्लेषण उभं राहिलं, असं कोणी म्हटलं तर ते फारसं खोटं नाही.

मारीचा जन्म झाला आणि महिन्याभरात आई गेली. वय अवघं बावीस-तेवीस. संपत्ती मुलीच्या नावे राहिली. घरात कडक शिस्तीची आजी. वडील भूगोल, वनस्पती आणि मानववंशशास्त्र यांत बुडालेले. त्यांच्याकडे ग्रंथांचा आणि वाळवलेल्या वनस्पतींचा अफाट संग्रह होता. मुलीसाठी मात्र वेळ नव्हता.

ही मुलगी सात-आठ वर्षांची असल्यापासून वह्यांमध्ये काहीबाही लिहायची. विचित्र गोष्टी, राक्षस, चित्रं. लिहायची तीही इंग्रजी आणि जर्मनमध्ये, कारण तिला सांभाळणाऱ्या बायका परदेशी होत्या. अशा पाच वह्या भरल्या. पुढे ती या वह्या साफ विसरली. पण तुम्ही विसरू नका, आपल्याला त्या पुन्हा लागणार आहेत.

मोठी झाल्यावर तिला डॉक्टर व्हायचं होतं. वडिलांनी नकार दिला. राजकन्येने मुडदे फाडायचे? मग तिच्याशी लग्न कोण करणार? त्या काळात फ्रान्समध्ये बायका डॉक्टर होऊ लागल्या होत्या. कायद्याने तिच्यापुढे दार उघडं होतं. बंद होतं ते घरातलं.

लग्न

१९०७ साली मारीचं लग्न झालं. नवरा ग्रीसच्या राजाचा मुलगा, प्रिन्स जॉर्ज. तिच्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठा, उंचापुरा, देखणा. क्रीट बेटाचा उच्चायुक्त राहिलेला. तरुणपणी जपानमध्ये रशियाच्या युवराजावर हल्ला झाला तेव्हा त्याचा जीव वाचवायला पुढे धावलेला हाच तो जॉर्ज. ग्रीसचं हे घराणं मूळचं डॅनिश, त्यामुळे लग्नानंतर मारी 'ग्रीस आणि डेन्मार्कची राजकन्या' झाली. ही पदवीही लक्षात ठेवा. एक दिवस ती नाझींसमोर कामाला येणार आहे.

लग्नाला वरवर पाहता दृष्ट लागावी. आतून ते थंड होतं. जॉर्जचं खरं प्रेम होतं ते त्याच्या काकांवर, डेन्मार्कच्या प्रिन्स वाल्डेमारवर. बायकोशी तो सभ्यतेने वागायचा, पण अंतर राखून. दोन मुलं झाली, पीटर आणि युजेनी. मारीने इतरत्र प्रेम शोधलं. फ्रान्सचे पंतप्रधान आरिस्तीद ब्रियाँ यांच्याशी तिचं काही वर्षं नातं होतं. पण एक दुःख तिला सतत कुरतडत होतं. शरीरसंबंधात तिला स्वतःला सुख मिळत नव्हतं. आज हे वाक्य आपण निदान उच्चारू तरी शकतो. त्या काळात असं काही असतं, बाईला असं काही हवं असतं, हेच बोलायची सोय नव्हती.

मारीने काय केलं? तिने मोजायला सुरुवात केली. अक्षरशः. पॅरिसच्या काही डॉक्टरांच्या मदतीने २४३ स्त्रियांच्या शरीररचनेची मापं आणि त्यांचे अनुभव यांची माहिती गोळा झाली. १९२४ साली एका वैद्यकीय नियतकालिकात तिने लेख छापला, ए. ई. नार्जानी या टोपणनावाने. निष्कर्ष असा की स्त्रीला सुख मिळणं-न मिळणं याचा काही भाग निव्वळ शरीररचनेत आहे, काही सेंटिमीटरच्या अंतरात आहे. दोष बाईच्या चारित्र्यात नाही आणि तिच्या मनातही नाही.

आता गंमत बघा. २०११ साली किम वॉलेन आणि एलिझाबेथ लॉईड या अमेरिकन संशोधकांनी तिचे जुने आकडे आधुनिक संख्याशास्त्राने पुन्हा तपासले. तिने दाखवलेला संबंध त्यांनाही त्या आकड्यांत दिसला. वैद्यकीय शिक्षण नाकारल्या गेलेल्या बाईने टोपणनावाने केलेलं हे काम, सत्त्याऐंशी वर्षांनीसुद्धा कोणीतरी गंभीरपणे हातात घेतं. ही लहान गोष्ट नाही.

पण मारी तिथे थांबली नाही. आणि इथून तिच्या आयुष्याचा सगळ्यात अवघड भाग सुरू होतो.

बेर्गगासे १९

१९२४ सालीच वडील वारले. त्यांच्या सामानात मारीला त्या बालपणीच्या पाच वह्या सापडल्या. वाचल्या, पण काहीच कळेना. आपणच लिहिलेलं आपल्यालाच परकं वाटावं, असा तो अनुभव. त्याच सुमारास तिने फ्रॉईड वाचला. रने लाफोर्ग या फ्रेंच डॉक्टरने व्हिएन्नाला शिफारसपत्र पाठवलं. फ्रॉईड आधी फारसा उत्सुक नव्हता. फावल्या वेळेत मन रमवायला येणाऱ्या उच्चभ्रू बायका त्याने पुष्कळ पाहिल्या होत्या.

१९२५च्या सप्टेंबरअखेर मारी व्हिएन्नामध्ये बेर्गगासे १९ या पत्त्यावर पोहोचली. ती त्रेचाळीस वर्षांची, तो एकोणसत्तरचा. दोन वर्षांपूर्वी त्याला जबड्याचा कर्करोग निघाला होता. बोलताना त्रास व्हायचा.

मनोविश्लेषण म्हणजे नेमकं काय चालायचं, हे थोडक्यात सांगतो. रुग्णाने कोचावर आडवं व्हायचं. विश्लेषक त्याच्या मागे, नजरेआड बसतो. मनात येईल ते बोलायचं. लाज, तर्क, सभ्यता सगळं बाजूला ठेवून. स्वप्नं सांगायची. विश्लेषक त्यातले धागे जोडत जातो. रोज ठरावीक वेळ, महिनोन्महिने.

मारीची स्वप्नं ऐकून फ्रॉईडने एक अंदाज बांधला. तू अगदी लहान असताना मोठ्यांचा शरीरसंबंध डोळ्यांनी पाहिलेला आहेस. मारीने साफ नाकारलं. आई तर जन्मतःच गेली होती, मग कोणाचा पाहणार? मग तिला घरातला जुना मोतद्दार आठवला. तो म्हातारा तेव्हा जिवंत होता. ती त्याच्याकडे गेली, खोदून खोदून विचारलं. शेवटी त्याने कबूल केलं. त्याचे आणि मारीला सांभाळणाऱ्या दाईचे संबंध होते आणि तान्ही मारी त्या खोलीत असायची.

या एका कबुलीने मारी फ्रॉईडची कायमची झाली. त्या विसरलेल्या वह्यांचा अर्थही तिला लागायला लागला. पुढे तिने त्या वह्या स्वतःच्या विश्लेषणासह छापल्या. आपलं बालपणच तिने पुरावा म्हणून जगापुढे ठेवलं.

फ्रॉईडने तिच्याशी बोलताना एकदा मान्य केलं होतं की तीस वर्षं स्त्रीमनाचा अभ्यास करूनही बाईला नक्की काय हवं असतं, हे त्याला कळलेलं नाही. हा प्रश्न आज जगभर चावून चोथा झालाय. पण तो ज्या बाईपुढे ठेवला गेला, ती समोर बसलेली बाईच गेली अनेक वर्षं तोच प्रश्न स्वतःला विचारत होती, हे कोणी फारसं सांगत नाही.

पॅरिसमधलं काम

व्हिएन्नाहून परतल्यावर मारीने जो झपाटा लावला, तो थक्क करणारा आहे. ४ नोव्हेंबर १९२६ला पॅरिसची मनोविश्लेषण संस्था स्थापन झाली. तिच्या मोजक्या संस्थापकांत मारी होती, डॉक्टरकीची पदवी नसलेली. १९२७ला संस्थेचं नियतकालिक निघालं, त्यामागेही तिचा पैसा होता. १९३४ला प्रशिक्षणासाठी संस्था उघडली, तिथेही तीच. व्हिएन्नातली फ्रॉईडची प्रकाशनसंस्था बुडायला आली तेव्हा तिने हात दिला. फ्रॉईडची पुस्तकं तिने फ्रेंचमध्ये आणली. १९३३ला एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकावर तिचा मोठा ग्रंथ आला, त्याला फ्रॉईडने प्रस्तावना लिहिली. शिवाय ती स्वतः रुग्ण बघत होतीच.

इथे आपल्या देशातल्या वाचकांसाठी एक नोंद. पॅरिसची संस्था १९२६ची. आपल्याकडे कलकत्त्याला डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली ती १९२२ साली. म्हणजे या बाबतीत कलकत्ता पॅरिसच्या चार वर्षं पुढे होतं. १९३१ला फ्रॉईडच्या पंचाहत्तरीला कलकत्त्याहून हस्तिदंताची विष्णुमूर्ती भेट गेली. ती त्याने आपल्या लिहिण्याच्या टेबलावर ठेवली. आज ती लंडनच्या फ्रॉईड संग्रहालयात आहे. व्हिएन्नाहून ती लंडनला कशी पोहोचू शकली, ते पुढे येतंच आहे.

विचाराची किंमत

पण आधी तो अवघड भाग.

फ्रॉईडच्या मते मुलगी 'खरी स्त्री' होते तेव्हा तिच्या लैंगिक सुखाचं केंद्र बदलतं. बाहेरून आत सरकतं. ज्या बाईत हे होत नाही, ती अर्धवट वाढलेली. आज वैद्यकशास्त्र हे मानत नाही. पण मारीने हे मनापासून मानलं. आणि तिच्या हातात स्वतःचा १९२४चा निष्कर्षही होता की अडचण शरीराच्या रचनेत आहे. या दोन गोष्टींची बेरीज तिने जी केली, ती भयंकर होती. शरीरच बदलून टाकायचं.

१९२७ला व्हिएन्नाच्या योसेफ हाल्बान या शल्यविशारदाकडून तिने स्वतःवर शस्त्रक्रिया करून घेतली. फ्रॉईडला हा मार्ग पसंत नव्हता. उपयोग झाला नाही. तिने १९३०ला पुन्हा करून घेतली. १९३१ला तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा अपयश.

मंडळी, या घटनेवर हसणारे लोक आहेत, तिला वेडी ठरवणारेही आहेत. मला तसं वाटत नाही. पैसा, पदवी, बुद्धी, जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध मनोविश्लेषकाचा सहवास, सगळं हाताशी असलेली बाई. तिलासुद्धा 'मी आहे तशी ठीक आहे' असं सांगणारा एकही विचार उपलब्ध नव्हता. तिच्या स्वतःच्याच आकड्यांमध्ये ते उत्तर होतं, की बायकांची शरीरं वेगवेगळी असतात. पण ते उत्तर वाचायला लागणारी नजर तिला तिच्या काळाने दिली नाही.

त्याच सुमाराची आणखी एक घटना. जॉर्जचा भाऊ प्रिन्स अँड्र्यू ग्रीसमधून हद्दपार होऊन सँ-क्लूला मारीच्या घरात कुटुंबासह राहत होता. त्याचा छोटा मुलगा फिलिप म्हणजेच पुढे इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीचा नवरा. फिलिपची आई ॲलिस १९३०ला मानसिक आजाराने खचली. मारीच्या ओळखीतून तिला बर्लिनजवळच्या टेगेल इथे मनोविश्लेषकांच्या दवाखान्यात नेलं. फ्रॉईडचाही सल्ला घेतला गेला. त्याने काय सुचवलं? अंडाशयांवर क्ष-किरण सोडा, म्हणजे पाळी लवकर जाईल आणि मन शांत होईल. तसं केलं गेलं. ॲलिस बरी झाली नाही. तिला मग स्वित्झर्लंडमधल्या दवाखान्यात ठेवण्यात आलं. याच ॲलिसने पुढे, युद्धकाळात अथेन्समध्ये एका ज्यू कुटुंबाला आपल्या घरात लपवून वाचवलं.

हे सगळं आत्ता का सांगितलं? कारण आता आपण त्या पत्रांकडे परत जाणार आहोत.

पत्रांमध्ये काय होतं?

फ्लीसला लिहिलेली ती पत्रं म्हणजे मनोविश्लेषणाचा जन्मदाखला होता. वडिलांच्या मृत्यूनंतर फ्रॉईडने स्वतःचंच विश्लेषण सुरू केलं, ते यात आहे. ईडिपसची कल्पना पहिल्यांदा सुचली, ती यात आहे. आधी मांडलेला एक सिद्धांत चुकला असं वाटून त्याने सोडला, तेही यात आहे. म्हणजे तयार पुस्तकात जे दिसत नाही ते सगळं. चाचपडणं, घमेंड, भीती, खोडलेल्या ओळी.

आणि आणखी एक गोष्ट होती. एम्मा एकश्टाईन नावाची फ्रॉईडची एक तरुण रुग्ण. फ्लीसचा एक अजब सिद्धांत होता, की स्त्रीच्या नाकाचा आणि जननेंद्रियांचा थेट संबंध असतो. या सिद्धांतापायी १८९५ला फ्लीसने एम्माच्या नाकाची शस्त्रक्रिया केली आणि जखमेत कापडी पट्टीचा लांबलचक तुकडा विसरला. काही आठवड्यांनी रक्तस्रावाने ती मरता मरता वाचली. फ्रॉईडने आधी मित्राची चूक ओळखली. मग हळूहळू मित्राला दोषमुक्त केलं आणि रक्तस्रावाचं कारण एम्माच्या मनात शोधलं.

ही पत्रं मारीने वाचली. जिने स्वतःच्या शरीरावर तीन वेळा सुरी चालवून घेतली होती, त्या बाईने हे वाचलं. त्या वाचनाने तिच्या मनात काय झालं, याचा विचार ज्याचा त्याने करावा. फ्रॉईडला ही पत्रं का जाळायची होती, हे मात्र आता स्पष्ट आहे. आणि मारीने ती का जपली? तिचं म्हणणं असं होतं की तुम्ही आता केवळ एक खासगी माणूस राहिलेला नाहीत, प्लेटो किंवा ग्योथे यांच्यासारखे मानवी विचारांच्या इतिहासाचे झालेले आहात. त्यांचं काही नष्ट झालं असतं तर जगाचं किती नुकसान झालं असतं! पत्रं तुम्हाला न आवडणारी असतील, तरी ती तुमची एकट्याची नाहीत.

आंधळ्या भक्ताने पत्रं जाळली असती. शत्रूने ती चव्हाट्यावर मांडली असती. मारीने दोन्ही केलं नाही. तिने ती व्हिएन्नाच्या रोथ्शिल्ड बँकेत ठेवली.

मार्च १९३८

मग हिटलर आला. १२ मार्च १९३८ला जर्मन सैन्य ऑस्ट्रियात घुसलं. १७ मार्चला मारी व्हिएन्नामध्ये हजर होती. २२ मार्चला गेस्टापोने फ्रॉईडच्या मुलीला, ॲनाला, चौकशीसाठी नेलं. संध्याकाळी ती परतली, पण त्या दिवसाने एक्याऐंशी वर्षांच्या फ्रॉईडचा देश न सोडण्याचा हट्ट मोडला.

रोथ्शिल्ड बँक ज्यूंची. तिथे ठेवलेली पत्रं आता कधीही जप्त झाली असती. मारी बँकेत गेली आणि गेस्टापोच्या माणसांदेखत तिने आपली पेटी उघडून पत्रं बाहेर काढली. ग्रीस आणि डेन्मार्कच्या राजकन्येला अडवायची त्यांची हिंमत झाली नाही. ज्या नावाने तिला डॉक्टर होऊ दिलं नाही, तेच नाव त्या दिवशी ढाल झालं.

फ्रॉईडला बाहेर काढायला बरेच हात लागले. लंडनचे अर्नेस्ट जोन्स, पॅरिसमधले अमेरिकन राजदूत विल्यम बुलिट आणि मारी. नाझींनी देश सोडण्यासाठी जबर कर लावला होता, सुमारे ३१ हजार राइशमार्क. ती रक्कम मारीने भरली. फ्रॉईडकडे दोन हजारांवर प्राचीन मूर्ती आणि वस्तू होत्या. सगळं जप्त झालं तर निदान एक तरी वाचावी, म्हणून अथेना देवीची छोटी कांस्यमूर्ती मारीने गुपचूप बाहेर नेली. सुदैवाने पुढे सगळाच संग्रह सुटला, त्यात कलकत्त्याचा विष्णूही होता. बाहेर पडायच्या परवान्याची वाट बघत ते दिवस फ्रॉईड आणि ॲना कसे काढत होते, माहीत आहे? मारीने आपल्या 'टॉप्सी' नावाच्या कुत्रीवर लिहिलेल्या पुस्तकाचं जर्मन भाषांतर करत.

४ जूनला फ्रॉईड, पत्नी मार्था आणि ॲना गाडीत बसले. दुसऱ्या दिवशी पॅरिसच्या स्टेशनवर मारी उभी होती. तो दिवस त्यांनी तिच्या घरी काढला. तिने अथेनाची मूर्ती त्याच्या हातात ठेवली. रात्री ते इंग्लंडला निघाले.

पण सगळे सुटले नाहीत. फ्रॉईडच्या चार म्हाताऱ्या बहिणी व्हिएन्नाला मागे राहिल्या. मारीने त्यांच्यासाठी फ्रान्सचा परवाना मिळवायची खटपट केली. मिळाला नाही. १९४२ला चौघींनाही छावण्यांकडे रवाना करण्यात आलं. एकही परत आली नाही. राजकन्येच्या पदवीची ताकद कुठे संपते, ते इथे दिसतं.

पाण्यावर तरंगणारा गठ्ठा

२३ सप्टेंबर १९३९ला फ्रॉईड लंडनमध्ये गेला. शेवटची इंजेक्शनं देणारा डॉक्टर माक्स शूर. फ्रॉईडकडे त्याचं नाव सुचवलं होतं मारीनेच.

युद्धात मारी ग्रीसच्या राजघराण्याबरोबर आधी इजिप्तला आणि मग दक्षिण आफ्रिकेला गेली. जाण्यापूर्वी पत्रं तिने पॅरिसच्या डॅनिश वकिलातीत ठेवली. नाझींच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये ती तिथे सुरक्षित राहिली. युद्ध संपत आलं तेव्हा सुरुंगांनी भरलेल्या इंग्लिश खाडीतून ती लंडनला गेली, पाणी शिरणार नाही आणि जहाज बुडालं तरी तरंगेल अशा वेष्टनात गुंडाळून.

१९५०ला ती छापली गेली. संपादक मारी, ॲना फ्रॉईड आणि अर्न्स्ट क्रिस. पण थांबा, इथेही एक वळण आहे. २८४ पत्रांपैकी छापली फक्त १६८, आणि त्यातही बरीच काटछाट करून. एम्माची सगळी हकीकत वगळली होती. मारीने कागद वाचवले, पण ते पूर्ण उघडे करायचं धाडस तिच्या पिढीला झालं नाही. संपूर्ण पत्रं जगाला वाचायला मिळाली ती १९८५ला, जेफ्री मॅसन यांच्या आवृत्तीत. तेव्हापासून फ्रॉईडवर जी कठोर टीका झाली, तिचा फार मोठा आधार ही पत्रंच आहेत. म्हणजे फ्रॉईडच्या सर्वांत निष्ठावान शिष्येने जपलेल्या कागदांनीच फ्रॉईडची चिकित्सा शक्य केली. मला तर हीच तिची सर्वांत मोठी गुरुदक्षिणा वाटते.

अखेरची वर्षं

१९६० साली, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, मारी कॅलिफोर्नियाला गेली. कॅरिल चेसमन नावाच्या कैद्याची मृत्युदंडाची शिक्षा टळावी म्हणून ती तुरुंगात जाऊन त्याला भेटली. टळली नाही. २१ सप्टेंबर १९६२ला रक्ताच्या कर्करोगाने ती गेली. तिच्या अस्थी अथेन्सजवळच्या टाटोईला नवऱ्याशेजारी ठेवल्या आहेत. थंड म्हणावा असा तो संसार जॉर्जच्या मृत्यूपर्यंत, पन्नास वर्षं टिकला होता.

तिच्या मुलाचं नातं मात्र आपल्या देशाशी जुळलं. प्रिन्स पीटर मानववंशशास्त्रज्ञ झाला. निलगिरीतले तोडा, लडाखी, तिबेटी अशा समाजांत एका स्त्रीला अनेक पती असण्याच्या प्रथेचा त्याने अभ्यास केला. १९५०च्या दशकात तो काही वर्षं कालिम्पोंगला राहिला. त्याचा या विषयावरचा ग्रंथ आई गेल्याच्या पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. आजोबांचं मानववंशशास्त्र आणि आईचे प्रश्न, दोन्ही त्याच्या कामात एकत्र आलेले दिसतात.

लंडनच्या गोल्डर्स ग्रीन स्मशानभूमीत एक प्राचीन ग्रीक कलश आहे, सुमारे तेवीसशे वर्षं जुना. मारीने तो फ्रॉईडला भेट दिला होता. त्याच्या आणि मार्थाच्या अस्थी त्यातच ठेवल्या आहेत. २०१४च्या सुरुवातीला चोरांनी तो पळवायचा प्रयत्न केला, कलशाला बरीच इजा झाली.

तो कलश ही मारीची गुरूवरची भक्ती. आणि पत्रांचा तो गठ्ठा ही तिची अवज्ञा. आपल्याकडे गुरूचा शब्द खाली पडू न देणाऱ्या शिष्यांच्या गोष्टी आपण मुलांना पुष्कळ सांगतो. ही दुसऱ्या प्रकारची गोष्टही सांगायला हवी. मारीने फ्रॉईडचा विचार स्वतःच्या शरीरापर्यंत मानला आणि तिथे ती हरली. पण पुरावा जाळायची वेळ आली तेव्हा ती बधली नाही. म्हणून आज आपण तिच्याबद्दल, एम्माबद्दल आणि खुद्द फ्रॉईडबद्दल पुराव्यानिशी बोलू शकतो.

तुमच्या घरातही कोणाच्या तरी जुन्या वह्या, पत्रं असतील. नकोशी वाटणारीसुद्धा. टाकण्याआधी एकदा मारी बोनापार्टची आठवण काढा.

भेटू पुढच्या भागात.